साक्षीला पुरेल एवढं पाप

आमच्या चर्चमध्ये पाळक व्हायचं तर बायबल कमी आलं तरी भागतं, पाप मात्र भरपूर लागतं. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत जायला चर्चच्या पंचांची शिफारस हवी असेल तर आधी सगळ्या मंडळीसमोर साक्ष द्यायची: मी किती वाया गेलो होतो आणि देवाने मला कसं ओढून काढलं. गेल्या वर्षी पाळकसाहेबांच्या भाच्याने दारू, सुरा, पोलीस असं सगळं रंगवून सांगितलं. सुई बघून चक्कर येणारं पोरगं! बायकांनी डोळे पुसले, शिफारस मिळाली.

यंदा एका वॉर्डबॉयची पाळी. हा हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलतो. साक्षीआधी मोठ्या पंचांनी त्याला मागच्या खोलीत बसवलं. त्याची आईही होती.

"देवाचं पाचारण कसं झालं तुला?"

"ऑपरेशनला नेताना एक आजोबा घाबरले. म्हणाले, माझ्यासाठी प्रार्थना कर. केली. तेव्हापासून वाटतंय, आपलं काम हेच."

"आवाज आला?"

"लिफ्टचा."

"प्रकाश?"

"ट्यूबलाइट होती."

पंचांनी कपाळाला हात लावला. "दारू?"

"नाही."

"जुगार?"

"नाही."

"अरे गाढवा, मग देवाने तुला काढलं कुठून? लोक जांभया देतील. असं कर, आईला मारायचो म्हण."

"काय?"

"म्हण की रे," आई म्हणाली. "मी पुढच्याच बाकावर बसते. रडते."

तो मंडळीसमोर उभा राहिला. आई खरंच पुढे, पदर हातात घेऊन तयार.

"मला आत सांगितलंय, आईला मारायचो म्हण," तो म्हणाला. "मी तिच्यावर कधी हात उगारलेला नाही. पण शिफारशीसाठी म्हणून टाकावं, असं माझ्या मनात आलं. माझं पाप विचाराल तर हेच, आणि ते आत्ताच, मागच्या खोलीत झालं."

मागून सवयीने दोन-तीन 'आमेन' आले. म्हणणाऱ्यांनी लगेच माना खाली घातल्या.

पंचांनी शिफारस नाकारली. कारण काय, तर उमेदवारात नम्रता नाही.

घरी जाताना आईने रस्ता डोक्यावर घेतला. "खोटा मार खायला मी तयार होते, आणि तुला साधं हो म्हणता येईना?"

"अगं, उद्या लोकांना खरं बोला म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?"

"पाळकसाहेब सांगतात त्याच तोंडाने!" आई म्हणाली.