रात्रीची बाही

केशरबाई माणसं ओळखायच्या ती गोधडीच्या टाक्यावरून. लांब-आखूड टाके घालणारी बाई खोटारडी, उलट्या बाजूला गाठी लोंबत ठेवणारी आळशी, आणि मशीनवर गोधडी मारून आणणारी तर बाईच नव्हे. श्रीगोंद्याच्या त्यांच्या सबंध आळीत, त्यांच्या मते, धड टाका घालणारी एकच बाई होती. आणि वर्ष होत आलं, तिलाच सुई धरवत नव्हती.

पुण्याला छातीतली गाठ काढली तेव्हा काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. जखम भरली, केस परत आले, आळीतल्या बायका भेटून रडून गेल्या. केशरबाईंनी त्यांच्या रडण्यालाही नावं ठेवली. मग सहा महिन्यांनी उजवा हात सुजायला लागला तो थांबेना. दिवसा घालायला डॉक्टरांनी ताणाची घट्ट बाही दिली होती. तिच्यानं संध्याकाळपर्यंत हात जरा उतरायचा. रात्री बाही काढली की सकाळी हात पुन्हा भरलेला. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना भेटायचं नाव घेत नसत.

ट्रंकेत नातीची गोधडी अर्धी पडून होती. संस्कृतीच्या बारशाला द्यायची होती ती. आता पोरगी सात महिन्यांची होऊन रांगायला लागली. सुनेनं, दीपानं, एकदा भीत भीत विचारलं होतं, "आत्याबाई, मी पुरी करू का?"

"कर की. आन् मग पोरीला त्यात गुंडाळू नको, पाय पुसायला दाराशी टाक."

दीपानं पुन्हा विषय काढला नाही.

ताणाची बाही रात्रीही घालायची, असं केशरबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पुण्याच्या व्यायामवाल्या मॅडमनी ऐकलं आणि हात जोडले. "आजी, झोपेत हात हलत नाही. ही बाही तेव्हाही आवळतच राहते. रात्री मऊ, जाड आणि न ताणणारं काहीतरी हवं. हाताला नुसतं धरून ठेवेल, दाबणार नाही असं." मग त्यांनी सांगितलं, एकतर रोज झोपताना कापूस आणि पट्ट्या कुणाकडून तरी गुंडाळून घ्यायच्या, नाहीतर परदेशात तयार बाही मिळते. पुस्तकातलं चित्रही दाखवलं. दोन कापडांच्या मधे स्पंजाचे तुकडे भरलेले आणि वरून शिवण.

केशरबाईंनी चित्र डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं. "ही तर गोधडीच की! आन् टाके बघा मेल्यांचे. माझ्या बकरीनं बरे घातले असते."

गावी आल्यावर पहिल्यांदा पट्ट्यांचा प्रयोग झाला. दीपा रोज संध्याकाळी अर्धा तास गुंडाळत बसायची. मांडीवरची पोर पट्टीचं टोक तोंडात घालायची, ते सोडवेपर्यंत इकडचा वेढा ढिला. "हात बांधतीस का कडब्याची पेंढी?" केशरबाई म्हणायच्या. पहाटेपर्यंत निम्मी पट्टी पायाशी आलेली असायची.

दुसरा उपाय दिरानं आणला. मच्छिंद्र साखर कारखान्यात कारकून होता आणि नगरला गेला की जगातल्या सगळ्या विषयांवर मत घेऊन परतायचा. त्यानं खोक्यातून एक लांबलचक कातडीच्या रंगाचा मोजा काढला.

"वैनी, इंपोर्टेड हाय. रातीसाठी."

"भावजी, हा पायाचा हाय."

"मग काय झालं? बोटाकडनं कापायचा. दुकानदार बोलला, हात काय आन् पाय काय, सूज ती सूज. जितका घट्ट तितका गुण."

"माप घेतलं व्हतं का माझं?"

"बायकांचा बोलून आणला की."

केशरबाईंनी मोजा दोन बोटांत उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा. "तुमी घाला आधी. तुमचा हात बारीक हाय, तुम्हाला काय व्हनार? घाला, आन् घोटभर च्या होईस्तोवर बसा."

दिरानं फुशारकीनं हात आत घातला. चहा संपायच्या आत बोटं जांभळी पडायला लागली. मग मोजा निघेना. दीपानं कोपराकडून आणि त्यानं दातानं ओढून तो कसाबसा सोडवला. केशरबाई बशीत चहा फुंकत पाहत होत्या. "आला का गुण?" त्यांनी विचारलं. मच्छिंद्र खोकं घेऊन गेला तो आठ दिवस फिरकला नाही.

आता गोधडीच करायची, हे त्यांनी ठरवलं. मुलाच्या, प्रशांतच्या, टेम्पोच्या जुन्या सीटमधला स्पंज निघाला, तो दीपानं धुवून वाळवून बोराएवढा कातरला. कापड केशरबाईंच्या जुन्या लुगड्याचं. धुवून धुवून इतकं मऊ झालेलं, की संस्कृती त्याच्यावर गाल घासत झोपून गेली, आणि कापायला तासभर थांबावं लागलं.

नळीसारखी दुहेरी बाही झाली, स्पंज भरला गेला. दीपानं सुई ओवली आणि म्हणाली, "आत्याबाई, उभे टाके घालू का? मनगटाकडून वर काखेकडं? मॅडम चोळतात तेव्हा त्यांचा हात तसाच वर वर जातो."

"तुझ्या माहेरी गोणपाटं शिवत असतील उभी. गोधडीला कडेनं फेरा धरायचा असतो. फेऱ्यावर फेरा घालत जायचं. आन् दोरा वढून घे, पोटातली भीती त्यात घालू नको."

"पण हात—"

"मला शिकव आता."

दीपानं फेरा धरला. तळहाताच्या कडेपासून काखेपर्यंत गोल गोल, दोरा ओढून. पोर झोपायची तेवढाच तिचा वेळ. चार दिवस लागले. केशरबाईंनी दर फेऱ्याला खोट काढली, पण मनात त्यांना पटत होतं, की टाके एकसारखे आलेत. ते बोलून दाखवायची गरज त्यांना वाटली नाही.

पहिल्याच रात्रीनंतर सकाळी त्यांनी बाही काढली आणि बघत राहिल्या. हातावर मनगटापासून दंडापर्यंत कड्यासारखे वळ उठले होते, एकाखाली एक, प्रत्येक फेऱ्याचा एक. वळांच्या मधे मांस फुगलेलं. आणि पंजा तर असा तट्ट भरलेला, की बोटं मिटायचा विचारच सोडा. हातात साचणाऱ्या पाण्याला वर जायला वाटच ठेवली नव्हती. जागोजाग बांध घातले होते, आणि ते घालायला लावणारी त्या स्वतः.

त्यांनी हात पदराखाली घेतला. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातात खोट शोधली. आता आपला लपवायची वेळ आली, म्हणून त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

दीपा पोरीच्या आंघोळीचं पाणी काढत होती. संस्कृती रांगत आली, तिनं पदर ओढला आणि आजीचा हात धरला. एका वळात इवलंसं बोट घालून तिनं ते कडेकडेनं फिरवलं, मग पुढच्या वळात घातलं, आणि खुदकन हसली. दीपानं मान वळवून पाहिलं. ती काहीच बोलली नाही. तेच केशरबाईंना सगळ्यात लागलं. मच्छिंद्रनं टोमणा मारला असता तर त्यांनी दोन परत दिले असते.

"बघतीस काय?" त्या म्हणाल्या. "उसव."

"सगळं?"

"सगळं. उभे घाल. तू बोलत व्हतीस तसे." मग थोडं थांबून, "आन् दोरा वढू नको. वढायचं मीच सांगितलं व्हतं, ठावं हाय मला."

उसवायला एक दिवस लागला, शिवायला पाच. या वेळी घालून न झोपता त्या बाही घेऊन आधी पुण्याला गेल्या. मॅडमनी ती हातावर चढवून जागोजाग दोन बोटं सरकवून पाहिली, नखांचा रंग पाहिला, काखेकडची कड अजून सैल करायला सांगितली. मुंग्या आल्या तर लगेच काढायची, म्हणाल्या. मग बाही उलटी करून आतली बाजू पाहिली.

"आजी, कुणी शिवली?"

"सुनेनं." केशरबाईंनी तोंड वाकडं केलं. "टाके बरे न्हाईत. पण सरळ हायेत."

दाराशी उभ्या असलेल्या दीपानं कडेवरच्या पोरीच्या केसांत तोंड लपवलं.

हात काही जादूनं उतरला नाही. पण पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी बाही काढल्यावर केशरबाईंनी रोजच्यासारखा अंगठा बोटाकडे नेला, आणि तो भेटला. जेमतेम. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. ट्रंक उघडली, अर्धी गोधडी काढली, सुई धरली. चौथ्या टाक्याला बोटं दुखायला लागली. पाचवा त्यांनी हट्टानं घातला. तो लांब आला. केशरबाईंचा टाका, आणि लांब! त्यांनी त्याच्याकडे तुच्छतेनं पाहिलं, आणि तसाच राहू दिला.

"दीपा! पोरीला पाजून झालं का? इकडं ये."

दीपा आली. केशरबाईंनी गोधडीची दुसरी कड तिच्याकडे ढकलली.

"तिकडनं तू फेरा धर. वाकडा आला तर उसवीन, सांगून ठेवते."

दोघींच्या मधे, गोधडीच्या बरोबर मधोमध, संस्कृती चढून बसली. तिला उठवून काम करावं, असं दोघींपैकी कुणालाच सुचलं नाही.