ल्युसिलासाठी दहा ओळी

लेओकादिओ अंगणात वाळत घातलेली कॉफी तळहातांनी उलटवत होता. बोटं वाकत नव्हती. पोलीस ठाण्याच्या तळघरात त्यांच्यामध्ये काड्या घालून ती आवळली होती, तेव्हापासून ती तशीच ताठ राहिली होती. सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं, तर समोर हवालदाराची बायको फर्मिना उभी होती. पाय अनवाणी, केस मोकळे.

"लेओदादा, ल्युसिला गेली," ती म्हणाली. "दुपारी. तापच उतरेना."

दोन वर्षांची पोर. गेल्या रविवारी चर्चच्या पायरीवर तिने त्याची टोपी ओढली होती आणि सोडायला तयार नव्हती.

त्याची थोरली बहीण पेत्रोनिला दारातच तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"फार वाईट झालं, बाई. पण तू इथे कशाला आलीस ते मला कळतंय, आणि ते व्हायचं नाही."

त्या डोंगरात लहान मूल गेलं की कोणी रडत नाही. मूल देवदूत होतं. आईचे अश्रू पंखांवर पडले तर त्याला उडता येत नाही. रडायचं नाही, गायचं. तेही जुनंपानं गाणं चालत नाही, त्या मुलाच्या नावाने नव्याने रचलेल्या दहा ओळी लागतात. त्या कोणी म्हटल्या नाहीत तर मूल वाटेतच अडकून पडतं. आसपासच्या गावांत असं रचणारे दोघेच होते. त्यातला म्हातारा गेल्या वर्षी वारला, उरला लेओकादिओ.

आणि लेओकादिओला तोंड उघडायची बंदी होती. जन्मभर त्याने प्रेमाची गाणी केली. त्यातल्या एकात कुलूपबंद खिडकीमागे बसलेली मुलगी होती. गाणं बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी झालं, आणि स्पेनच्या सरकारला वाटलं की मुलगी म्हणजे आपल्या ताब्यातलं हे बेट, पोर्तो रिको, आणि कुलूप म्हणजे आपण. सरकारला तसं का वाटावं, ते सरकारलाच ठाऊक! ठाण्यातून सोडताना त्याला बजावलं होतं: पुन्हा एक ओळ जरी गायलास तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा तुरुंग. तिथून परतलेला माणूस गावाने पाहिला नव्हता.

"नवऱ्याने पाठवलं तुला?" पेत्रोनिलाने विचारलं. "याची बोटं मोडली तेव्हा हात नाही थरथरले त्याचे. आता गाणं हवंय होय!"

"त्याला माहीतच नाही, मावशी. तो तिकडचा, स्पेनचा. म्हणतो, हे सगळं अडाण्यांचं खूळ आहे."

फर्मिनाचे डोळे कोरडे होते. ते कोरडे ठेवण्यात तिचा जीव मेटाकुटीला आला होता, हे लेओकादिओला दिसलं. तो उठला.

"अक्का, पांढरा सदरा दे."

"डोकं फिरलंय का तुझं? मेलेल्या पोरीसाठी जित्या माणसाने जीव द्यायचा?"

"सदरा दे गं."

पेत्रोनिलाने सदरा त्याच्या अंगावर फेकला. मग पुटपुटत, शिव्या घालत, तिनेच त्याची एकेक गुंडी लावून दिली.

हवालदार रोब्लेदोच्या घरी दिवे नुकतेच लागले होते. टेबलावर ल्युसिलाला निजवलं होतं, डोक्यावर कागदी फुलांचा मुकुट. लेओकादिओ आत आला तसा कोपऱ्यातला हवालदार ताडकन उभा राहिला. हवालदाराने बायकोकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली बसला.

शेजाऱ्याने गिटार छेडली. पहिल्या ओळीला लेओकादिओचा आवाज फाटला, दुसरीला लागला, आणि मग तो थेट पोरीशी बोलल्यासारखा गात गेला. शेवटी म्हणाला:

सावकाश जा, ल्युसिला, वाट नवी आहे गं,
आईचे डोळे कोरडे, पंख तुझे हलके गं.

फर्मिनाने लांब श्वास सोडला. बायकांनी पेल्यांत रम ओतली. पोर मार्गाला लागली होती.

सकाळी छोटी पांढरी पेटी खांद्यावर घेऊन माणसं दफनभूमीच्या चढाला लागली, तेव्हा वाटेत शहरातून आलेला लेफ्टनंट घोडा उभा करून थांबला होता. त्याने टोपी काढली, हवालदाराचं सांत्वन केलं. मग सहज विचारावं तसं म्हणाला,

"काल इथे गाणं झालं म्हणतात. कोण गायलं?"

"कोणीच नाही, साहेब," हवालदार म्हणाला. "गाणं झालंच नाही."

आपण काय बोलून गेलो हे त्या परक्या मुलखातल्या हवालदाराला कळलं नाही. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. फर्मिनाने पेटीकडे पाहिलं, आणि रात्रभर आवरून धरलेले तिचे ओठ थरथरू लागले. बाप स्वतःच्या तोंडाने म्हणत होता की पोरीला कोणी पोचवलंच नाही.

लेओकादिओ पुढे आला.

"गाणं झालं, साहेब. मी गायलो."

"गप्प बस, गाढवा," हवालदार दातांमधून पुटपुटला.

"पूर्ण दहा ओळी. माझ्याच. सगळ्या गावाने ऐकल्या."

लेफ्टनंटने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "हवालदार, आधी पोरीचं उरकून घे. मग याला घेऊन ठाण्यावर ये." आणि त्याने घोडा वळवला.

फर्मिनाचे डोळे कोरडेच राहिले. मातीची पहिली मूठ तिनेच टाकली. जाताना तिने लेओकादिओची ती ताठ बोटं आपल्या कपाळाला लावली.

उतारावर दोघेच होते. हवालदाराने त्याला बांधलं नव्हतं, मागे चालत होता.

"मी वाचवत होतो तुला," तो शेवटी म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मग का?"

लेओकादिओ उतरत राहिला. खाली शहराची छपरं दिसायला लागली तेव्हा हवालदार थांबला.

"काल काय म्हणालास तू तिला?"

"तिथेच तर होतास."

"ऐकलं नाही मी. तू थांबावास म्हणून तुझ्याकडे नुसता बघत होतो." "माझी पोर होती रे ती."

शहराच्या तोंडाशीच असलेलं ठाणं आता हाकेच्या अंतरावर होतं. दारातल्या शिपायाने त्यांना पाहिलं होतं. लेओकादिओने घसा खाकरला आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्या आवाजात, गायला सुरुवात केली.