दुपारची खोटी घंटा

“घंटा परत सुरू कोणी केली?” तिने विचारलं.

टेबलापाशी बसलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“मला वाटलं, ताई, तुम्ही केलीत,” तारवाला म्हणाला.

“आणि मला वाटलं, हा करेल,” कप्तान म्हणाला.



कंपनी म्हणजे काय, तर एक खोली, एक लांब टेबल आणि ही तीन माणसं. म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात घालायची एक डबी ते बनवत. घरात पडलं-झडलं, की डबीचं बटण दाबायचं. आधी डबीतून ताईचाच साठवलेला आवाज येई, “घाबरू नका, मी आलेच!” आणि इकडे टेबलावर घंटा वाजे. मग ती फोन करी, शेजाऱ्याला पळवी, रुग्णवाहिका बोलावी. मालक तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा. ‘साहेब’ म्हटलं की रागवायचा, म्हणून तिनेच त्याला कप्तान केलं होतं. तारा जोडून डब्या बनवायचा तो तारवाला. फरशी पुसण्यापासून पुढचं सगळं तिघांचं.

आधी ती एका मोठ्या इस्पितळात फोनवर बसायची. तिथे जन्म काढला असता, तरी तिचं कुणी ऐकलं नसतं. इथे ती म्हणाली, “बटण मोठं करा रे, म्हाताऱ्यांची बोटं थरथरतात,” आणि दुसऱ्या दिवशी बटण मोठं झालं! त्या आनंदात पहिली डबी तिने घरी नेली आणि सासऱ्यांच्या गळ्यात घातली. नवरा परगावी नोकरीला. घरात सून आणि मामंजी, दोघंच.

“बैलाला बांधतात तशी घंटा बांधलीस की, सूनबाई!”

“बैल बरा, मामंजी. सांगितलेलं ऐकतो तरी.”

“मोठ्या झाडाची सावली सोडून रोपट्याखाली बसायला निघालीस. ऊन लागेल हो.”

“लागू दे. रोपटं आपल्या हातचं पाणी तरी पितं.”

तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की मामंजी बटण दाबत. ती धसकून घरी फोन लावी, तर पलीकडून शांतपणे, “जेवलीस का?”

“मामंजी, ही घंटा संकटासाठी आहे!”

“घरची सून उपाशी, हे काय संकट नव्हे?”

तारवाला म्हणायचा, “आली खोटी घंटा. चला, डबे उघडा.”

आज सकाळी भांडवल घालणारे पाहुणे आले होते. मध्येच घंटा वाजून शोभा नको, म्हणून कप्तानने ती बंद करवली होती. पाहुणे खूश होऊन गेले. मग हसणं झालं, टाळ्या झाल्या, पुन्हा चहा झाला. दुपार कलली, तिने डबा उघडला, आणि हात तसाच राहिला. खोटी घंटा वाजलीच नव्हती.

इस्पितळात एकेका खटक्याला एकेक माणूस नेमलेला असे. इथे सगळे सगळं करत. म्हणूनच घंटा परत सुरू कुणीच केली नव्हती.

तिने धावत जाऊन खटका दाबला. घंटा किंचाळली. टेबलावरच्या पडद्यावर एकच नाव लाल झालं, मामंजींचं. विझलं, पुन्हा लाल झालं.

घरचा फोन नुसता वाजत राहिला.

“गाडी काढतो,” कप्तान उठला.

“तू हलायचं नाहीस! आता दुसऱ्या कुणाची वाजली तर? बस इथे. आणि एकेकाला फोन लाव, सगळे बरे आहेत ना विचार.”

मालक खाली बसला आणि त्याने फोन उचलला.

तारवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ती देवाचं नाव घेऊ लागली, पण भीती अशी, की नाव अर्ध्यावर तुटे आणि पुढे ‘मामंजी, मामंजी’च येई. मागच्या गल्लीतल्या बाईंकडे घराची दुसरी किल्ली होती. अशा शेजाऱ्यांना फोन लावायचं इतरांसाठी सुचलं असतं, स्वतःसाठी सुचलं नाही. दाराशी स्वतःची किल्ली कुलपात जाईना. तारवाल्याने ती हातातून घेतली.

मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडले होते. एक पाय भलतीकडेच वळलेला. ओठ कोरडे. अंगठा मात्र बटणावर.

“आलीस?” ते पुटपुटले. “मघापासून म्हणत होतीस, आलेच, आलेच... म्हटलं, येईल. घाबरलो नाही मी.”

ती जमिनीवर बसली. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बाहेर तारवाला रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होता. तोच पत्ता पुन्हा पुन्हा.

“जेवलीस का?” मामंजींनी विचारलं.

तिने नुसता त्यांचा हात धरला, तसा त्यांचा अंगठा बटणावर दाबला गेला, आणि त्यांच्या छातीवरून तिचाच आवाज, अगदी शांत, म्हणाला, “घाबरू नका, मी आलेच!”