स्टीलला श्रद्धा नसते

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर पाणीबाबांनी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी ओतलं. त्यात चार चमचे ‘तपाचं मीठ’ सोडलं आणि वर नळी असलेलं झाकण बसवलं. शेगडी नाही, वीज नाही, तरी पातेलं खदखदू लागलं. बाबांनी नळीच्या टोकाशी काडी धरली. फट् झालं आणि ज्योत उभी राहिली.

“पाण्याने हुंकार दिला,” बाबा म्हणाले. पहिल्या रांगेतले निवृत्त बँकवाले साहेब तर रडलेच.

शेवटी घोषणा झाली. हे जागं झालेलं पाणी उद्या डोळ्यांत घालायचं, मोतीबिंदू आपोआप विरघळेल. सोमवारी ऑपरेशनची तारीख मिळालेल्या एका सासूबाईंनी तिथूनच दवाखान्यात फोन लावून ती रद्द केली.

त्यांची सून भंगाराचं दुकान चालवायची. त्याच दिवशी दुपारी बाबांचा शिष्य तिच्याकडे पोतंभर पातेली टाकून गेला होता. बाहेरून कोरी करकरीत, पण एक हातात घेताच सून दचकली. वजनच लागत नव्हतं. आतून काळी, खडबडीत. एकाच्या बुडातून तर उजेड दिसत होता.

असली पातेली तिने आधीही पाहिली होती. तुंबलेला नळ साफ करायची पांढरी पूड एकदा तिच्या दुकानात जर्मनच्या ओल्या डब्यात सांडली होती. वर लावलेलं झाकण थोड्याच वेळात उडून छपराला आपटलं. तेव्हा आलेल्या बंबवाल्याने तिला समजावलं होतं की ही पूड आणि पाणी मिळून जर्मन खातात, त्यातून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीसरशी पेटतो. जाताना त्याने बजावलं होतं, डोळ्यांत थेंब गेला तर डोळा गेला समजा.

तिने घरी हे सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “तुला सगळ्यात भंगारच दिसतं.”

दुसऱ्या दिवशी सूनबाई सासूबाईंना घेऊन पुन्हा त्या सभागृहात गेली. पिशवीत घरचं स्टीलचं पातेलं आणि एक वाकडा जर्मनचा चमचा होता. डोळ्यांत पाणी घालून घ्यायची सासूबाईंची पाळी आली तशी तिने पातेलं पुढे केलं. “बाबा, आज यात करा.”

बाबा हसले. “स्टीलला श्रद्धा नसते, ताई.”

“मग जागं कोण होतं, पाणी की पातेलं?”

लोक खसखसले. सासूबाई मात्र भडकल्या. “करा हो बाबा यातच. हिचं तोंड एकदाचं बंद होऊ दे.”

आता नाही म्हणायची सोय उरली नाही. पाणी पडलं, मीठ पडलं. बाबांनी मंत्र म्हटला, मग जरा मोठ्याने म्हटला. पाणी ढिम्म. पावसाळी हवेला दोष देऊन झाला. तेवढ्यात सूनबाईने लांबूनच चमचा आत सोडला. थोड्याच वेळात त्याच्याभोवती बुडबुडे उठले आणि पाणी फसफसायला लागलं.

“पाणी जळत नाही,” ती म्हणाली. “जर्मन खर्ची पडतंय. आतून खाल्लेली पोतंभर पातेली माझ्या दुकानात पडलीत, या आणि हातात घेऊन बघा. बाबांचं मीठ म्हणजे नळ साफ करायची पूड. म्हणून तर ते चमच्याने घालतात, चिमटीने नाही.”

बँकवाले साहेब तिला शांत करायला उठले. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती बाबांना म्हणाली, “माझं खोटं असेल तर आईंच्या आधी तुमच्या डोळ्यांत दोन थेंब घाला. नाहीतर नुसतं बोट बुडवा.”

बाबांनी हात कफनीत घेतला. ध्यानाची वेळ झाली म्हणाले आणि मागच्या दाराने गेले. ध्यान बहुधा लांबलं असावं, कारण ते परत आलेच नाहीत.

साहेबांनी विचारलं, आता खरं-खोटं ओळखायचं कसं? सूनबाई चमचा काठीने बाहेर काढत होती. “एवढंच विचारायचं, की जे दिसतंय ते कशातून आलं आणि काय कमी झालं. उत्तर मिळेपर्यंत डोळ्यांत काही घालायचं नाही.”

परतताना सासूबाईंनी पिशवीतला फोन काढून सुनेच्या हातात दिला. म्हणाल्या, “त्या दवाखान्याचा नंबर लाव गं. मला सगळं धूसर दिसतं, पण बाबाने हात मागे घेतलेला स्वच्छ दिसला.”