प्रयागबाईने घासलेली घंटा

मित्रांनो, माझ्या पोटावरून बोट फिरवले तर एका जागी मुगाच्या डाळीएवढा उंचवटा हाताला लागतो. तिथे एकेकाळी राजाचा मुकुट होता. मी एक जुनी पितळी हातघंटा आहे, आणि तो मुकुट कुठे गेला ते मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. सन १९१४ मध्ये नागपुरात मध्यप्रांताचे कौन्सिल, म्हणजे कायदेमंडळ, बसू लागले, त्याच्यासाठी मला ओतले. माझ्यावर काढायच्या मुकुटाचे चित्र सरकारकडून आले होते. कारागिराने जन्मात मुकुट पाहिलेला नव्हता. त्याने तो मन लावून उठवला, पण त्याच्या बायकोला ती उलटी ठेवलेली टोपलीच वाटली.

माझे काम सोपे होते. बैठकीची वेळ झाली की कवडू चपराशी मला वाजवत व्हरांड्यातून फिरे. तिथे सभासद संत्री सोलत, गप्पा मारत उभे असत. माझा आवाज ऐकला की ते हात पुसून आत जात.

रोज सकाळी मला प्रयागबाई घासत असे. ती कौन्सिलात झाडलोट करी. चिंचेचा कोळ आणि चाळलेली राख घेऊन ती मला मांडीवर धरून बसे, तेव्हा कवडू तिला चिडवी, “नवरीले हळद लावून राहिली का वं?” ती मान वर न करता म्हणे, “वाजवाले चकाकती लागते ना तुले? मंग गप राह्य.”

१९३५ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्याला पंचवीस वर्षे झाली. त्यासाठी ऐन मे महिन्यात कौन्सिलाची खास बैठक भरली. उन्हाळ्यासाठी पचमढीच्या डोंगरावर गेलेले साहेब खाली उतरले. दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारले होते, तरी सगळे घामाघूम होते. भाषणे झाली, टाळ्या झाल्या. मग एका बड्या साहेबाची नजर माझ्यावर गेली. मुकुट अर्धा झिजला होता. राजाची खूण पुसणे हा त्याला अपमान वाटला. मुकुट आणखी झिजला तर बाईला कामावरून काढू, असे त्याने बजावले.

प्रयागबाईच्या घरी तिच्या पगारावर चूल पेटत होती. ती मला कोरड्या फडक्याने पुसू लागली. तीन महिन्यांत मी तव्यासारखी काळी झाले. मग घंटा काळी का, म्हणून दुसरा साहेब तिच्यावर ओरडला. ती कवडूला म्हणाली, “काळी ठेवली तं बोलतेत, घासली तं बोलतेत. काळी ठेवणं माह्याच्यानं होत नाही.” आणि तिने पुन्हा चिंच भिजत घातली.

तो बडा साहेब काही पुन्हा मला बघायला आला नाही. अशी बारा वर्षे गेली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याच्या सोहळ्याची तयारी सुरू झाली. ज्या वस्तूवर मुकुट असेल ती मोडीत काढायची, असा हुकूम आला. मनोहरराव नावाचे नवे अधिकारी यादी घेऊन फिरू लागले. यादीत मी होते: ‘घंटा, पितळी, मुकुटासह, नग एक’. त्यांनी मला उलटीसुलटी करून पाहिले.

“मुकुट कुठे आहे?” त्यांनी विचारले.

बड्या साहेबाने बाईला दिलेला जुना दम कवडूला आठवला. तो म्हणाला, “पावसानं झिजला असंन, साहेब.” मित्रांनो, मी आयुष्यात कधी पावसात गेले नव्हते.

दाराशी झाडू घेऊन उभी असलेली प्रयागबाई पुढे आली. “खोटं नको बोलू गा, कवडू. साहेब, तो मुकुट म्या घासला. चिंच अन् राखेनं. तेहतीस वर्षं घासून राहिली मी. काढाचं असंन तं मले काढा, यानं काही नाही केलं.”

मनोहररावांनी माझ्या पोटावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी यादीतून माझी ओळ खोडली. “मुकुटच नाही, तर हिला मोडीत कशी काढू?” ते म्हणाले. “सोहळ्याच्या सकाळी पुन्हा घासा, बाई. उरलेला निघाला तरी चालेल.”

तिने मला घासले, पण रोज घासत असे तेवढेच. म्हणून तो उंचवटा राहिला. त्या दिवशी कवडूने मला वाजवले आणि सगळे सभासद आत गेले. प्रयागबाई व्हरांड्यात उभी होती. तिला त्या दिवशी कोणी बाजूला हो म्हटले नाही.

आता मी काचेच्या कपाटात असते. कुलूप चांगले आहे, धूळही बसत नाही. पण मी हळूहळू काळी पडते आहे. मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू अशी जपून ठेवलेली असेल, तर तिला अधूनमधून बाहेर काढा. चिंच नसली तर लिंबू चालेल. आणि ती घंटा असेल, तर घासून झाल्यावर एकदा वाजवा.