काचेपलीकडचा रंगा

अलमेलूचं म्हणणं कुणीच खरं मानलं नाही. तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत काचेपलीकडे आणून बसवलेला माणूस तिचा मुलगा रंगा नव्हता.

रंगा कामाला होता त्या गिंडीच्या कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली, तेव्हा पोलिसांनी रंगाला नुसतं विचारायला बोलावलं होतं. तो भिऊन माळ्यावर दडला, तर हिनंच दंडाला धरून खाली ओढला. तंजावरच्या आपल्या घराण्यात कुणी दुसऱ्याची काडी उचलली नाही, मग भ्यायचं कशाला, असं म्हणत स्वतः ठाण्यात नेऊन उभा केला. त्याला चार वर्षं झाली. चोरी शाबीत झाली असती तरी एव्हाना सुटला असता. पण खटलाच उभा राहीना, आणि न ठरलेल्या गुन्ह्याची शिक्षा काही सरेना.

"वाळला, काळवंडला, कळतं मला," ती शिपायाला म्हणाली. "पण चिकटलेली कानाची पाळी सुटी होते काय रे?"

"अम्मा, आत सगळेच बदलतात."

"तुझी अक्कल तेवढी राहिली वाटतं!"

शिपाई हसला. फुकट खटला लढणारी वकील श्रीलक्ष्मी हसली नाही. तिनं अर्ज करून बोटांचे ठसे ताडून घेतले. जुळले.

मग पुढच्या सोमवारी अलमेलूनं रिसीव्हर कानाला लावून घरातलं एकेक विचारलं, आजोबा अप्पाजी कुठल्या वारी देवाघरी गेले, दह्यात उडदाचं पीठ कालवून करतात त्या डांगर पचडीत ती आणखी काय घालते, आणि पलीकडच्यानं न अडखळता सगळं बरोबर सांगितलं, तेव्हा तिनं रिसीव्हर छातीशी दाबून धरला. रंगाला स्वतःचा वाढदिवससुद्धा कधी आठवला नव्हता.

"अक्का, आता काय करायचं?" शेजारी उभ्या श्रीलक्ष्मीनं हळूच विचारलं.

"अर्ज लिही. हाही कुणाच्या पोटचा आहेच, ह्यालाही सोडवीन. आणि माझा कुठं ठेवलाय, ते ह्या तुरुंगवाल्यांच्या छातीवर बसून विचारीन."

रिसीव्हर पुन्हा कानाला लावून ती काचेकडे वळली. "बाळा, तू कोण, ते नाही विचारत. माझ्या रंगाला इथं कुणी टाकलं, तेवढं सांग. नाव घे, मी सोडायची नाही त्याला."

फौजदार, कारखान्याचा मालक, तारखा देणारा न्यायाधीश, कुणाचंही नाव ऐकायला ती कंबर कसून उभी होती. आजवर तिला अम्मा म्हणत आलेल्या त्या माणसानं तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तो अगदी शांतपणे म्हणाला,

"अलमेलू."