सात नंबरचा घेवडा

शालिग्राम पाटलाला स्वतःची दोन पोरं होती, पण बायको म्हणायची, याचं खरं लेकरू तिसरंच, शेतातलं सात नंबर. ते खोटं नव्हतं. जळगावच्या संशोधन केंद्रात त्यानं स्वतःच्या हातानं फुलाला फूल लावून घेवड्याचा हा वाण तयार केला होता. वर्षानुवर्षं निवडत, जपत आणला होता. आता शेवटची परीक्षा. एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात धरणगावजवळ झुलाल आबांच्या वावरात सगळ्या वाणांचे शेजारी शेजारी पट्टे पेरले होते. वाळलेल्या दाण्यांचं वजन ज्याचं भरेल तो वाण पुढे जाणार, मागे पडेल तो कायमचा बाद.

आणि सात नंबरच मागे पडत होता! फुलं बघावीत तर झाडं लदबदलेली, पण शेंगा बघाव्यात तर चारदोन. शालिग्राम पिंप्राळ्याच्या घरून स्कूटरवर यायचा आणि गुडघ्यांवर रांगत अळी शोधायचा. अळी नाही. उंदीर म्हणावा तर बीळ नाही. पोपटांवर संशय घेतला, बुजगावणं उभं केलं. बुजगावण्याच्या डोळ्यांदेखत शेंगा जातच राहिल्या.

दुपारी आबांच्या घरी जेवण ठरलेलं. आबांची बायको यशोदाबाई शेंगदाण्याचं कूट घालून घेवड्याची अशी भाजी करायची की कळण्याची भाकरी कधी संपली ते कळू नये. एकदा ताटात त्याला न मोडलेली एक शेंग दिसली. चपटी, जांभळ्या रेघांची. त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला.

"अक्का, ही भाजी कुठली?"

"आपला वावरनीच शे ना भाऊ, सात नंबरनी!" यशोदाबाई अगदी कौतुकानं म्हणाल्या. "बाकीन्या शेंगा सुंबसारख्या लागतस. हाई एकच मऊ शे. बठ्ठं गाव हाईच तोडीसन खास. नि तुम्हीच तर दर खेपले आखो मांगतस ना?"

घ्या! कुंपणानंच शेत खाल्लं होतं, तेही मागून मागून. शालिग्रामनं कपाळावर हात मारला. शनिवारी केंद्राचे मोठे सोनवणे साहेब वजन करायला येणार, सात नंबर बाद होणार, हे त्यानं रडकुंडीला येऊन सांगितलं. तेव्हा कुठे यशोदाबाईंचा चेहरा उतरला. सुंब ठेवायचं आणि लोणी फेकायचं, असला कसला कायदा, म्हणून त्या साहेबावरच चिडल्या. मग शालिग्रामनं गावात फिरून बघितलं. पण चोरी कबूल कोण करतंय? शेजारची कुंदाबाई तर दारात शेंगांची टरफलं पडलेली असताना म्हणाली, "माले काय माहीत? मी त्या वावरकडे देखंसुद्धा नही."

शनिवारी साहेब आले. कडक इस्त्रीचे, कमी बोलणारे. एकेक पट्टा काढून झोडला, तराजूत घातला. सात नंबर सगळ्यांत हलका. साहेबांनी खिशातून पेन काढलं. आबा मध्ये पडले, "साहेब, आधी जेवाले चला."

साहेब जेवायला बसले, भाजी चाखली आणि वाटी पुढे केली. पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. यशोदाबाईंनी वाढलं, पदर खोचला आणि ओट्यावर जाऊन अशी हाळी दिली की टोकाच्या घरापर्यंत पोचावी. सात नंबरवर नव्या औषधाचा प्रयोग होता म्हणे, खाल्लेल्यांची पोटं फुगतील, साहेबांनी उतारा आणलाय, पण उरलेला माल समोर आणल्याशिवाय मिळणार नाही!

मग काय विचारता! जिनं वावराकडे बघितलंसुद्धा नव्हतं ती कुंदाबाई टोपलं घेऊन सगळ्यांत पुढे. मागून अख्खी आळी. कुणी सूप, कुणी धोतराचा सोगा. घरोघरी वाळवून साठवलेल्या शेंगांचा ओट्यावर ढीग लागला.

आत साहेबांचा हात ताटातच थांबला. "बाई... ही भाजी..."

"सातच," यशोदाबाई म्हणाल्या.

साहेब पांढरेफटक. शालिग्रामनं पाय धरायचेच बाकी ठेवले, "साहेब, थाप आहे हो! विष नाही, काही नाही!" साहेब आधी पाणी प्यायले, मग त्यांनी सगळ्यांना फैलावर घेतलं आणि ते ओट्यावरच्या ढिगापाशी आले. शेवटी म्हणाले, "झोडा तो." झोडलेला माल तराजूत पडला आणि सात नंबरचं पारडं धाडकन खाली गेलं.

"चोरीचा माल हिशोबात धरता येत नाही," साहेब म्हणाले. "पण असला वाण बाद करून मी घरी काय तोंड दाखवू? पुढच्या वर्षी पुन्हा पेरा. काटेरी तार लावून." आणि उरलेली भाजी त्यांनी डब्यात भरून घेतली.

तारेच्या आत सात नंबर पहिला आला. शालिग्रामनं पेढे वाटले. बियाण्याच्या पिशव्या तयार झाल्या, तशी पहिली खेप तो स्वतः आबांच्या गावी घेऊन आला. दिवसभर पारावर बसला. एकही पिशवी खपली नाही.

"कुंदाबाई, तुम्ही तरी घ्या ना," तो काकुळतीला आला.

"इकत कशाले?" कुंदाबाई म्हणाली. "आमना घरमा शे ना!"

उताऱ्यासाठी धावत आलेल्या त्या बायांनी, पोट फुगण्याची धास्ती असतानाही, बियाण्यापुरती मूठ मूठ घरी ठेवूनच टोपली उचलली होती.